घडी इकनं हाये

आमच्या डोणगावात काहीही विकता येतं. फक्त कुणाला कळू न देता विकता येत नाही. बैल विकला तर दावण रिकामी दिसते. वावर विकलं तर तलाठ्याच्या आधी पानटपरीवर फेरफार होतो. सोनं विकायला माणूस मेहकरला न जाता मुद्दाम वाशीम गाठतो, तर तिथल्या पेढीवर त्याला डोणगावचाच दुसरा माणूस भेटतो, तोही त्याच कामाला आलेला. मग दोघं एकमेकांना ‘पोत गाठून घ्यायला आणली होती’ असं सांगतात आणि एकाच एस्टीनं परत येतात.

याचं कारण असं की, घेणाऱ्याला आणि विकणाऱ्याला आमच्याकडे वेगवेगळे प्रश्न असतात. माणसानं काही घेतलं की गाव विचारतं, ‘केवढ्याले?’ विकायला काढलं की विचारतं, ‘काऊन?’ घेण्यामागं पैसा असतो, विकण्यामागं अडचण. अडचण नसताना विकणारा माणूस अजून आमच्या पंचक्रोशीत जन्माला आलेला नाही, अशी गावाची पक्की खात्री होती. ती खात्री माझ्या मामांनी मोडली.

मामांची नोकरी मुंबईच्या गोदीत झाली. निवृत्त होऊन गावी आले तेव्हा सोबत एक पत्र्याची पेटी, गुडघेदुखी आणि बिस्किटांच्या डब्यात भरलेली घड्याळं, एवढी मिळकत होती. घड्याळांना आमच्याकडे ‘घडी’च म्हणतात, भिंतीवरची असो की मनगटावरची. त्या डब्यात काय नव्हतं? एचएमटीची ‘जनता’ होती, ‘पायलट’ होती. लग्नात सासऱ्याकडून मिळाली नाही तर जावई मांडवात रुसायचे ती ‘कांचन’ होती. आजोबांच्या पिढीची ‘वेस्ट एंड’ होती. १८६५पासून मुंबईत दुकान मांडून बसलेल्या ‘फावर ल्यूबा’ची ‘सी चीफ’ होती. रोमर होतं, कॅमी होतं, हेन्री सँडोझ होतं. मामा दर रविवारी ओट्यावर धोतर अंथरून त्यांना चावी देत. लोक रविवारी कोंबडीला देतात तेवढा वेळ मामा घड्याळांना देत, आणि मामींच्या मते घरात कोंबडी न शिजण्याचं कारणही तेच.

या सगळ्यांत एकच घडी मामा धोतरावर ठेवत नसत. ती फडक्यात गुंडाळलेली, डब्यातल्या डबीत. ती होती हॉयर कंपनीची ‘करेरा’, स्विस क्रोनोग्राफ. जॅक हॉयर नावाच्या तरुण मालकानं १९६३ साली हे मॉडेल बाजारात आणलं आणि मेक्सिकोतल्या ‘करेरा पानामेरिकाना’ या मोटारशर्यतीवरून त्याला नाव दिलं. ती शर्यत भर रस्त्यावर व्हायची; माणसं फार मरायला लागली म्हणून १९५४नंतर बंद झाली. आमच्याकडे तशीच शर्यत नावाशिवाय, बक्षिसाशिवाय जुन्या नागपूर रस्त्यावर चालू असते आणि ती बंद करायचं अजून कुणाच्या मनात आलेलं नाही. त्याच सुमाराला पंडित नेहरूंच्या हस्ते एचएमटीच्या पहिल्या घड्याळांचं वितरण झालं. म्हणजे स्वित्झर्लंडमध्ये सेकंदाचा पाचवा हिस्सा मोजायची सोय होत होती, तेव्हा आपल्या देशात निदान किती वाजले ते कळायला लागलं होतं.

ही घडी मामांकडे आली कशी, याच्या तीन कथा आहेत. पहिली : एका गोऱ्या खलाशाचा जीव वाचवला, त्यानं खुशीनं दिली. दुसरी : त्याच खलाशाकडून पत्त्यांत जिंकली. तिसरी मामींची : त्या वर्षी घरी मनिऑर्डर आली नाही.

आता क्रोनोग्राफ म्हणजे काय, ते सांगितलं पाहिजे, कारण डोणगावात ते मामांना वर्षानुवर्षं सांगावं लागलं. साध्या घडीत वेळ कळते. क्रोनोग्राफमध्ये वेळ किती गेला, ते कळतं. चावीच्या वर एक आणि खाली एक अशी दोन बटणं. वरचं दाबलं की मधला लांब काटा पळायला लागतो, पुन्हा दाबलं की थांबतो, खालचं दाबलं की झटक्यात बारावर परत. डायलवर तीन छोट्या तबकड्या : डावीकडची नेहमीचे सेकंद दाखवणारी, उजवीकडची तीस मिनिटं मोजणारी, खालची बारा तास मोजणारी. मशीन तासाला अठरा हजार ठोके देतं, म्हणजे सेकंदाला पाच. म्हणून सेकंदाचा पाचवा हिस्सासुद्धा पकडता येतो.

प्रश्न एवढाच की डोणगावात तो पकडून करायचं काय. आमच्या शेजारी लोणारचं सरोवर आहे. उल्का पडून झालेल्या त्या विवराचं वय आम्हांला शाळेत बावन्न हजार वर्षं शिकवलं. नंतर शास्त्रज्ञांनी दुसऱ्या पद्धतीनं मोजलं, तर ते पाच लाख सत्तर हजार निघालं. मध्ये पाच लाख वर्षांचा फरक पडला, तरी लोणारची एकही बस त्यामुळं लवकर सुटली नाही. अशा मुलखात एक पंचमांश सेकंदाचं कौतुक कोण करणार?

पण मामांनी हार मानली नाही. त्यांनी एस्टी मोजायला घेतली. मेहकरहून गाडी सुटल्याचा फोन आला की बटण दाबायचं. उजवी तबकडी तीस मिनिटांत एक फेरी मारून मोकळी व्हायची, मग दुसरी, मग तिसरी, आणि मामा खालच्या तासांच्या तबकडीकडे वळायचे. ‘स्विस माणूस शहाना हाये,’ मामा म्हणायचे, ‘त्याले माहीत होतं, तीस मिनिटात आपलं भागनार नाही.’ मग त्यांनी शाळेच्या गॅदरिंगला ‘दोन शब्द बोलतो’ म्हणून उठलेल्या पाहुण्यांचे दोन शब्द मोजले. तेही खालच्याच तबकडीवर गेले. मोटारपंपाची लाइट किती टिकते ते मोजायला गेले, तेव्हा मात्र लांब काटाच पुरला. तबकड्यांपर्यंत जायची गरज पडली नाही.

डायलच्या कडेला आकड्यांची एक पट्टी होती, तिला टॅकीमीटर म्हणतात. किलोमीटरच्या दगडापाशी बटण दाबायचं, पुढच्या दगडापाशी थांबवायचं. काटा जिथं थांबेल तिथं ताशी वेग लिहिलेला असतो. तीस सेकंद लागले तर १२०, पंचेचाळीस लागले तर ८०, पूर्ण मिनिट लागलं तर ६०. पट्टी साठाशीच संपते. एका किलोमीटरला मिनिटापेक्षा जास्त लागू शकतं, हे त्या स्विस माणसाच्या कल्पनेतच आलं नसावं. त्यामुळं जुन्या रस्त्यानं मामांना आयुष्यभर एकदाही आपला वेग कळला नाही. डिसेंबर २०२२मध्ये समृद्धी महामार्गाचा नागपूर–शिर्डी टप्पा सुरू झाला, तो आमच्या गावाजवळूनच जातो. तिथं मोटारीला १२०ची मर्यादा, म्हणजे किलोमीटरला नेमके तीस सेकंद. मामा माझ्या गाडीत मागं बसले, बटण दाबलं, थांबवलं आणि म्हणाले, ‘एकोनतीस. एकशे चोवीस झाले. हळू घे.’ त्या दिवशी साठ वर्षांच्या त्या पट्टीचं वऱ्हाडात प्रथमच चीज झालं.

अशी ही घडी मामांनी विकायला का काढावी? कारण अगदी साधं होतं. तीन मुलं. वावराचे गुंठ्यांनी हिस्से पाडता येतात, विहिरीच्या पाण्याच्या पाळ्या लावता येतात, घराच्या मध्ये भिंत घालता येते. ‘घडीले तीन तबकड्या हायेत हे खरं,’ मामा म्हणाले, ‘पन एकेकाले एकेक नाही देता येत ना. मी हाओ तवरच इकतो आन् पैसे वाटतो.’

इतकं स्वच्छ कारण गावाला पटणं शक्यच नव्हतं. बसस्टँडवर पहिल्या दिवशी मामांना डोळ्याचं ऑपरेशन निघालं. दुसऱ्या दिवशी धाकट्याच्या धंद्यात खोट आली. आठवडाभरात मामांच्या बोअरला पाणी लागलं नव्हतं, नातीचं लग्न ठरलं होतं आणि जुन्या मुंबईच्या भानगडीतलं कुणीतरी पैसे मागायला आलं होतं. दोघंतिघं रात्रीच्या अंधारात येऊन, ‘मामा, लागत असन तं सांगा, व्याजाचं पाहू मांग,’ असं म्हणून गेले. एकजण तर थेट म्हणाला, ‘घडी इकून काय होते बाप्पा? वावर इका, मी घेतो.’ आणि टपरीवर कुणीतरी नुसतं ‘मामा घड्याळ सोडून राह्यले’ एवढं म्हटलं, तर पलीकडच्या बाकावरून तत्परतेनं चौकशी झाली, ‘कोन्या गटाचं?’

मी एका ओळखीच्या मार्फत मुंबईच्या एका संग्राहकाला फोटो पाठवले. त्याचा फोन आला आणि मामांची त्या बाजारातली शिकवणी सुरू झाली.

‘काका, केस पॉलिश केलीय का कधी?’

‘नाही बावा, राहून गेलं. पन उद्याच करून घेतो.’

‘नको नको! हात लावू नका!’

‘डायल थोडा डागलेला हाये. मेहकरले नवा रंगवून भेटते.’

पलीकडून आलेला आवाज कण्हण्याचा होता.

‘काच बदलून टाकू? ओरखडे हायेत.’

‘काका, प्लीज. काहीही बदलू नका. आहे तशी ठेवा. पुसूसुद्धा नका.’

फोन ठेवून मामा बराच वेळ घडीकडे बघत बसले. ‘पुसूसुद्धा नोको म्हनते. येडा तं नाही ना?’

वेडा नव्हता. त्या बाजाराचा नियमच तसा आहे. जुन्या घडीची केस घासून चकचकीत केली की तिच्या कडांची धार जाते, कान बोथट होतात आणि भाव पडतो. डायल नव्यानं रंगवलं की भाव निम्म्यावर येतो, कधी त्याहून खाली. काट्यांवरचा अंधारात चमकणारा लेप पिवळट पडला तर उत्तम. तो पांढराशुभ्र दिसला तर नक्की कुणीतरी नवा भरलाय, म्हणून शंका. आणि कहर म्हणजे ‘ट्रॉपिकल डायल’. काळं डायल वर्षानुवर्षं उन्हानं उतरून तपकिरी झालं, तर त्याला हे नाव आहे आणि ते दुर्मीळ म्हणून त्याला जास्त पैसे पडतात.

मी हे टपरीवर समजावून सांगितलं. तिथं बसलेल्यांपैकी प्रत्येकानं आपापल्या हाताकडे बघितलं.

‘म्हनजे उन्हानं करपलं तं भाव वाढते?’

‘हो.’

‘मंग आमाले काऊन कोनी इचारत नाही? आमी तं सारेच ट्रॉपिकल हाओ.’

या नियमाचा सगळ्यात मोठा धक्का बसला तो सोयाबीनवाल्यांना. त्यांच्या मालाची पोती काट्यावर गेली की अडत्या मूठभर दाणे हातात घेतो. ओल बारा टक्क्यांच्या वर निघाली, कपात. माती निघाली, कपात. दाणा डागी, कपात. २०२५-२६च्या हंगामाचा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये. पण तो भाव आणि हातात पडलेले पैसे यांची गाठ क्वचितच पडते. आणि इथं एक मनुष्य मुंबईहून फोन करून सांगतोय की डाग असू द्या, माती असू द्या, त्याचेच पैसे आहेत! घडीला समजा पाच लाख आले, तर हमीभावानं ते चौऱ्याण्णव क्विंटल सोयाबीन झालं, हा हिशोब एकानं बोटांवर केला. मग तो बराच वेळ गप्प बसला आणि म्हणाला, ‘आन् तिले फवारनी नाही, सोंगनी नाही, पानी नाही. ठेवली तं ठेवली डब्यात.’

मेहकरच्या घडीसाजाला हा नियम सांगायला गेलो, तर त्याला तो सरळसरळ धंद्यावरचा हल्ला वाटला. डोळ्याला भिंग लावून त्यानं घडी कानाशी धरली, हलवली आणि म्हणाला, ‘मशीन पेट्रोलमदी धून देतो, केस बफ मारतो, डायल नवा, पट्टा नवा. पाहुना वयखनार नाही.’ पाहुण्यानं ओळखावी म्हणूनच खटपट आहे, असं मी म्हटलं. त्यानं भिंग काढलं आणि माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की, आता हे भिंग लावून मलाच तपासावं, असं त्याच्या मनात असावं.

मुंबईच्या माणसाच्या भीतीलाही कारण होतं. आपल्या देशातल्या कारागिरांनी जुन्या घड्याळांवर असं काही प्रेम केलंय की जगातले संग्राहक धास्तावलेत. कुठल्या तरी एचएमटीचं मशीन, कुठल्या तरी बंद घडीची केस, त्यावर पोपटी नाहीतर नारिंगी रंगाचं डायल आणि त्या डायलवर ठळक अक्षरांत कुठल्याही स्विस कंपनीचं नाव. या प्रकाराला परदेशात ‘मुंबई स्पेशल’ म्हणतात. भारतातून घडी आलीय म्हटलं की आधी तिचा रंग बघतात, मग वेळ. मामांना हे कळल्यावर त्यांचा अभिमान दुखावला. ‘त्याले सांग,’ ते म्हणाले, ‘हे मुंबई स्पेशल नाही. हे डोणगाव स्पेशल हाये.’

मामांनी आता नियम इतका आत्मसात केला की पुढच्या फोनला त्यांचा आवाजच बदलला. पॉलिश? कधीच नाही. डायल? हात नाही लावला. काच? मूळची. काटे? मूळचे. शेवटी तो म्हणाला, ‘आणि मशीनची सर्व्हिसिंग कधी केली होती?’

मामा छाती फुगवून म्हणाले, ‘आजपावतर कधीच नाही!’

पलीकडे शांतता पसरली. ‘काका, ती मात्र दर चार-पाच वर्षांनी करायला हवी होती.’

मामांनी फोन माझ्या हातात दिला. ‘याचं काही खरं नाही बावा. हे आपल्या तहसीलसारखं हाये. जे कागद आनले ते नोको, जे नाही आनले तेच पाह्यजे.’

तरीही तो माणूस आला, समृद्धीवरून आला. तिशीचा मुलगा, डोळ्यांना चष्मा, पाठीवर सॅक. ओट्याच्या चारही बाजूंना गाव जमलेलं. त्यानं सॅकमधून काळं मखमली कापड काढलं, हातमोजे घातले, भिंग काढलं. गर्दीत एकजण हळूच म्हणाला, ‘पोस्टमार्टम होते वाट्टे.’

आधी त्यानं पट्टा काढला. पट्टा जिथं अडकतो त्या कानांच्या मध्ये, वरच्या बाजूला मॉडेलचा आकडा आणि खालच्या बाजूला घडीचा स्वतःचा नंबर कोरलेला होता. दोन्ही आकडे स्पष्ट निघाले, म्हणजे पॉलिश झालेलं नाही. त्याचा चेहरा उजळला. मग त्यानं मागचं झाकण फिरवून उघडलं आणि भिंग मामांकडे दिलं. इतकी वर्षं घडी सांभाळून मामांनी ती आतून कधी पाहिली नव्हती.

आत व्हालजू कंपनीचं ७२ नंबरचं मशीन होतं. मीही पाहिलं. एरवी एकामागे एक चाकं फिरत असतात, पण त्यांच्यावर आणखी एक मजला होता, स्तब्ध. त्या मुलानं वरचं बटण दाबलं. एक तरफ सरकली, तिनं एका लहानशा चाकाला एक घर पुढं ढकललं. त्या चाकावर किल्ल्याच्या बुरजांसारखे उभे खांब होते. दोन खांबांमधली फट समोर आली, तशी दुसऱ्या तरफेची चोच त्या फटीत पडली आणि तिच्याबरोबर एक दातेरी चाक सरकत येऊन मधल्या चाकाला भिडलं. वरचा काटा पळू लागला. पुन्हा बटण, पुन्हा एक घर, चोच खांबावर चढली, चाक सुटलं, काटा थांबला. खालचं बटण दाबलं तेव्हा दोन हातोड्या बदामाच्या आकाराच्या छोट्या चकत्यांवर येऊन आपटल्या. बदाम कसाही फिरलेला असो, हातोडी बसली की तो आपल्या खाचेवर येतो आणि काटा बारावर. मामांनी ते आठ-दहा वेळा करून पाहिलं. ‘एका बटनामांग एवढा खटाटोप,’ ते म्हणाले, ‘आन् मी यानं एस्ट्या मोजल्या.’

मग त्या मुलानं झाकण उलटं केलं आणि थबकला. बाहेरच्या बाजूला, गुळगुळीत पोलादावर, ठिपक्या-ठिपक्यांच्या अक्षरांत कोरलेलं होतं : ‘हरवल्यास डोणगाव येथे आणून देणे. १९७८.’

हे मामींचं काम. मामा तेव्हा मुंबईत नोकरीला, सुट्टीवर घरी आलेले. लोकलच्या गर्दीत घडी जाईल म्हणून मामींना घोर. नणंदेच्या लग्नाची भांडी घ्यायला त्या गेल्या होत्या. भांडीवाला मशीननं पातेल्यांवर नावं टाकत होता. मामींनी पाच पातेली, दोन पराती आणि एक हॉयर करेरा, असं सगळं त्याच्यापुढं ठेवलं. पातेल्यांवर नणंदेचं नाव आलं, घडीवर पत्ता.

‘काका,’ मुलगा हळहळला, ‘यानं भाव उतरतो. आणि पुसायला गेलं तर झाकण झिजतं, आणखी उतरतो.’

मी मध्ये पडलो. त्याला पॉल न्यूमनच्या घडीची आठवण करून दिली. हॉलिवूडचा हा नट शर्यतीत मोटारी पळवायचा. त्याची बायको जोॲन वुडवर्ड हिनं त्याला रोलेक्सची ‘डेटोना’ दिली आणि मागं गाडी जपून चालव अशा अर्थाचे शब्द कोरून घेतले. १९८४ साली न्यूमननं मुलीच्या मित्राला वेळ विचारली, तो म्हणाला माझ्याकडे घड्याळ नाही, तर न्यूमननं ही घडीच त्याला देऊन टाकली. ऑक्टोबर २०१७मध्ये न्यूयॉर्कला फिलिप्सच्या लिलावात तिला पावणेदोन कोटी डॉलरच्या वर किंमत आली. त्या वेळच्या भावानं सुमारे एकशे पंधरा कोटी रुपये. त्या किमतीत त्या कोरलेल्या शब्दांचा वाटा मोठा होता.

आतून चहा घेऊन आलेल्या मामी हे ऐकत उभ्या होत्या. कप खाली ठेवत म्हणाल्या, ‘तिनं नवऱ्याची काळजी केली, मी घडीची केली. घडी इकाची तं काळजी कोनाची कामाची, तूच सांग. तिचे एकशे पंधरा कोटी आन् माह्या अक्षरानं भाव उतरते?’

मुलाकडे उत्तर नव्हतं. कुणाकडेच नसतं. त्या बाजारात वस्तूबरोबर माणूसही विकला जातो आणि कोणता माणूस महाग, हे आधीच ठरलेलं असतं. महात्मा गांधींची झेनिथ कंपनीची खिशातली घडी, चष्मा, चपला आणि थाळी-वाटी २००९ साली न्यूयॉर्कला लिलावात निघाली. विजय मल्ल्यांनी ती सगळी अठरा लाख डॉलरला घेतली. घेणाऱ्याची वेळ पुढं कशी फिरली ते आपण पेपरात वाचलंच आहे. मामांनी मुलाला खलाशाच्या दोन्ही कथा सांगितल्या, निवड त्याच्यावर सोडली. त्यानं जीव वाचवल्याची घेतली. मामी काही बोलल्या नाहीत. तिसरी कथा फुकटात द्यायची त्यांची तयारी नव्हती.

घासाघीस झाली ती मात्र बैलबाजाराच्या रीतीनं, उपरण्याखाली बोटं धरून. मुलाला ती पद्धत ठाऊक नव्हती. पहिल्यांदा मामांनी हात धरला, तेव्हा तो निरोप घेतायत असं समजून उठून उभाच राहिला. सौदा ठरला. आकडा उपरण्याखालीच राहिला.

‘रोख आनले काय?’ मामांनी विचारलं.

‘काका, दोन लाख किंवा त्याच्या वर रोख घेता येत नाहीत. कायदा आहे. आरटीजीएस करतो.’

त्यानं मोबाइलवरून पैसे पाठवले. आता मेसेज येण्याची वाट. मामांचा फोन रेंजसाठी माळवदावर ठेवला, तिथं एक मुलगा राखणीला बसवला. आलेले आरटीजीएसचे पैसे बँकेनं अर्ध्या तासात खात्यावर टाकावेत, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. मामांनी घडी हातात घेतली आणि वरचं बटण दाबलं. उजवी तबकडी बरोबर तीस मिनिटांची. सगळं गाव त्या बारक्या काट्याकडे बघत होतं. काटा अर्ध्यावर पोहोचायच्या आत माळवदावरून आरोळी आली, ‘आले!’ मामांनी बटण दाबून काटा थांबवला आणि मान हलवली. इतक्या वर्षांत डोणगावातली एक तरी गोष्ट त्या तबकडीत मावली होती.

मुलगा गेला. गाव गेलं नाही. आता ‘काऊन’ संपलं आणि ‘केवढ्याले’ सुरू झालं. मामा मुरलेले. उसने मागतील अशांना त्यांनी आकडा कमी सांगितला. ज्यांच्याशी बांधावरून भांडण आहे, त्यांना वाढवून सांगितला. तिन्ही मुलांना एकच सांगितला, पण तो खरा होता असं मामींना वाटत नाही. संध्याकाळपर्यंत गावात सहा-सात आकडे फिरत होते. टपरीवाल्यानं त्यांची सरासरी काढली आणि तीच आता गावात प्रमाण मानली जाते. मामासुद्धा कुणी विचारलं तर टपरीवर चौकशी करायला सांगतात.

याचा परिणाम दुसऱ्या दिवसापासून दिसू लागला. घरोघरच्या पेट्या उघडल्या. मयत आजोबांच्या घड्या निघाल्या, दहावी पास झाल्याच्या घड्या निघाल्या, सासऱ्यांनी दिलेल्या आणि त्याच रागानं कधी न घातलेल्या घड्या निघाल्या. आदल्या आठवड्यापर्यंत ज्यांच्या मते विकणं म्हणजे नामुष्की होती, ते सगळे मामांच्या ओट्यासमोर रांगेत बसले. एचएमटीची ‘जनता’ घेऊन आलेल्यानं हॉयरचाच भाव सांगितला, वर म्हणाला, ‘कंपनी बंद झाली, आता भेटत नाही.’ २०१६ साली सरकारनं त्या कंपनीला टाळं लावायचा निर्णय घेतला, हे त्याला पाठ होतं. एकजण डिजिटल घडी घेऊन आला आणि तिला दोनच्या जागी चार बटणं आहेत म्हणून दुप्पट मागू लागला. मामा प्रत्येक घडी डोळ्याजवळ नेत, कानाशी धरत, आणि मुंबईच्या मुलासारखं हळहळून परत देत.

रांगेच्या शेवटी एक म्हातारबुवा होते. त्यांच्या काखेत भिंतीवरचं अजंठा घड्याळ, काटे केव्हाचे सव्वासातवर थांबलेले, काचेवर कोळिष्टकं आणि स्वैपाकघराचा धूर. मामांनी ते हातात घेतलं, उलटंसुलटं पाहिलं आणि सवयीनं फडक्याकडे हात नेला.

म्हातारबुवांनी त्यांचा हात वरच्यावर धरला. ‘पुसू नोका मामा. सेल टाकला नाही, पॉलिश मारलं नाही, कोनाले उघडू देल्लं नाही. धूयसुद्दा ओरिजिनल हाये.’